घरगुती बॉयलरचे दोषनिदान

घरगुती बॉयलरचे दोषनिदान म्हणजे घर उबदार ठेवणाऱ्या आणि नळाला गरम पाणी पुरवणाऱ्या व्यवस्थेत बिघाड झाला असता तो नेमका कोणत्या भागात आहे, हे क्रमाक्रमाने शोधून काढण्याची पद्धत होय. या लेखात मुख्यतः ब्रिटनमधील गॅसवर चालणाऱ्या बॉयलरचा विचार केला आहे. तेथील दोन कोटींहून अधिक घरांना नैसर्गिक वायूचा पुरवठा होतो आणि हिवाळ्यातील ऊब बहुतांशी याच व्यवस्थेवर अवलंबून असते.

मराठीत 'बॉयलर' म्हटले की साखर कारखान्यातील वाफेचा बॉयलर डोळ्यांपुढे येतो. ब्रिटनमधील घरगुती बॉयलर वाफ तयार करीत नाही. तो पाणी साधारणतः ५० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत तापवतो. हे पाणी पंपाच्या साहाय्याने खोल्याखोल्यांतील रेडिएटरमधून फिरते आणि पुन्हा बॉयलरकडे येते. ही बंदिस्त फेरी असल्यामुळे रेडिएटरमधील पाणी आणि नळाला येणारे पाणी कधीही एकत्र मिसळत नाही.

घर थंड पडले किंवा नळाला गार पाणी आले की दोष बॉयलरचाच आहे, असे सहसा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात बॉयलर हा एका साखळीतील शेवटचा दुवा असतो. त्याच्या आधी वेळ ठरवणारे, तापमान मोजणारे आणि पाण्याची वाट बदलणारे अनेक भाग असतात. त्यांपैकी एकाही भागाने पुढे निरोप दिला नाही, तर पूर्णपणे निर्दोष बॉयलरही पेटत नाही. म्हणून दोषनिदानात 'बॉयलर का बिघडला?' या प्रश्नाआधी 'बॉयलरपर्यंत मागणी पोहोचली का?' हा प्रश्न येतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील बहुसंख्य घरे कोळशाच्या शेगडीवर ऊब मिळवीत. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्यानंतर १९६७ ते १९७७ या काळात देशातील गॅस उपकरणे कोळशापासून बनवलेल्या वायूऐवजी नैसर्गिक वायूवर चालतील अशी बदलण्यात आली. त्यानंतर मध्यवर्ती तापनव्यवस्थेचा, म्हणजे एकाच बॉयलरने सारे घर उबदार ठेवण्याच्या पद्धतीचा, झपाट्याने प्रसार झाला.

१ एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नव्याने बसवल्या जाणाऱ्या गॅस बॉयलरसाठी, काही अपवाद वगळता, संघनन प्रकार बंधनकारक झाला. या प्रकारात ज्वलनातून निघणाऱ्या वायूंमधील बाष्पाचे पाणी केले जाते आणि त्या वेळी मुक्त होणारी उष्णताही वापरली जाते. बॉयलरकडे परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांपेक्षा कमी तापमानाचे असेल, तरच हे संघनन नीट घडते. एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये 'बॉयलर प्लस' नावाने ओळखले जाणारे निकष लागू झाले. त्यांनुसार नव्या गॅस बॉयलरसोबत वेळ आणि तापमान या दोहोंचे नियंत्रण असणे आवश्यक ठरले. बॉयलरची कार्यक्षमता अशी वाढत गेली, तशी त्याच्याशी जोडलेली नियंत्रणेही वाढली आणि दोष शोधताना विचारात घ्यावयाचे भागही वाढले.

व्यवस्थेचे प्रकार

दोषनिदानाआधी घरातील व्यवस्था कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे आवश्यक असते, कारण एकच लक्षण दोन प्रकारांत दोन वेगळ्या दोषांकडे बोट दाखवते.

कॉम्बी बॉयलर: यात गरम पाण्याचा साठा नसतो. नळ सोडताच बॉयलर पेटतो आणि नळाचे पाणी वाहता वाहता तापते. रेडिएटर व नळ यांच्यातील अदलाबदल बॉयलरच्या आत असलेला वळण-व्हॉल्व्ह करतो.

टाकीसह असलेली व्यवस्था: यात गरम पाणी तांब्याच्या किंवा पोलादाच्या टाकीत साठवले जाते. टाकीच्या आतील वेटोळ्यातून बॉयलरचे पाणी फिरते आणि भोवतालचे पाणी तापवते. ही टाकी बहुधा वरच्या मजल्यावरील कपाटात असते. अशा बॉयलरचे दोन उपप्रकार आहेत. एकात पंप व प्रसरण-टाकी बॉयलरच्या पेटीतच असतात. दुसऱ्यात हे भाग बाहेर असून माळ्यावर पाणी भरून घेणारी छोटी टाकी असू शकते. पाण्याची वाट बदलणारे मोटारचलित व्हॉल्व्ह सामान्यतः बॉयलरच्या बाहेर असतात, त्यामुळे त्यांचे निरीक्षण करणे सोपे जाते.

मागणीची साखळी

टाकीसह असलेल्या व्यवस्थेत खोली उबदार करण्याची मागणी पुढील क्रमाने बॉयलरपर्यंत जाते.

१. प्रोग्रॅमर: हे वेळ ठरवणारे घड्याळ होय. ऊब व गरम पाणी यांसाठी त्यात सहसा दोन स्वतंत्र विभाग असतात.
२. खोलीचा थर्मोस्टॅट: खोलीचे तापमान ठरवलेल्या अंशांपेक्षा कमी असेल, तरच तो विद्युत संकेत पुढे सोडतो. गरम पाण्याच्या शाखेत हेच काम टाकीला बांधलेला थर्मोस्टॅट करतो.
३. मोटारचलित व्हॉल्व्ह: संकेत मिळताच तो रेडिएटरची किंवा टाकीची वाट उघडतो.
४. मायक्रोस्विच: व्हॉल्व्ह उघडल्याची खात्री पटल्यावर त्याच्या आतील हे छोटे बटण दाबले जाते आणि संकेत पुढे जातो.
५. पंप व बॉयलर: अखेरीस पंप फिरू लागतो आणि बॉयलर पेटतो.

या रचनेत प्रत्येक दुवा आपल्या मागच्या दुव्यावर अवलंबून असतो. पाण्याची वाट उघडण्याआधी बॉयलर पेटू नये, हा तिचा हेतू आहे.

खोलीचा थर्मोस्टॅट साधारणतः जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, थेट उन्हापासून व रेडिएटरपासून दूर बसवला जातो. तो रेडिएटरजवळ असल्यास त्याच्यापुरती खोली लवकर तापते, तो मागणी थांबवतो आणि उरलेले घर गारच राहते. ज्या खोलीत हा थर्मोस्टॅट असतो, तेथील रेडिएटरवर स्वतंत्र तापनियंत्रक व्हॉल्व्ह बसवीत नाहीत, त्याचेही कारण असेच आहे. तसे केल्यास दोन नियंत्रणे परस्परांच्या विरोधात काम करतात.

एस-प्लॅन आणि वाय-प्लॅन

टाकीसह असलेल्या व्यवस्थेत व्हॉल्व्हच्या दोन मांडण्या ब्रिटनमध्ये विशेष प्रचलित आहेत.

एस-प्लॅनमध्ये दोन स्वतंत्र द्विमार्गी व्हॉल्व्ह असतात. एक रेडिएटरसाठी आणि एक टाकीसाठी. प्रत्येकाला स्वतःचा मायक्रोस्विच असतो आणि दोहोंपैकी कोणताही एक बॉयलरला पेटवू शकतो.

वाय-प्लॅनमध्ये एकच त्रिमार्गी व्हॉल्व्ह असतो. वीज नसताना तो टाकीच्या बाजूने उघडा राहतो. केवळ गरम पाण्याची मागणी असेल, तर व्हॉल्व्हला हलण्याची गरजच नसते आणि टाकीचा थर्मोस्टॅट थेट बॉयलरला संकेत देतो. दोन्ही मागण्या एकाच वेळी असतील, तर व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत थांबतो व पाणी दोन्हीकडे जाते. केवळ ऊब हवी असेल, तेव्हा व्हॉल्व्हला आणखी एका संकेताची आवश्यकता असते. 'गरम पाण्याची मागणी नाही' असे सांगणारा हा संकेत प्रोग्रॅमरकडून किंवा तापलेल्या टाकीच्या थर्मोस्टॅटकडून येतो. तो मिळाला की व्हॉल्व्ह पूर्णपणे रेडिएटरकडे वळतो आणि त्याचा मायक्रोस्विच बॉयलरला संकेत देतो.

'नाही' असे सांगण्यासाठीही संकेत लागतो, हे वाय-प्लॅनचे वैशिष्ट्य आहे. त्याच्या दोषनिदानातील बराचसा गोंधळ यातूनच उद्भवतो.

प्राथमिक तपासणी

कोणतेही झाकण न उघडता पुढील गोष्टी पाहता येतात.

वीज व गॅस: बॉयलरच्या वीजजोडणीत सामान्यतः ३ अँपिअरचा फ्यूज असतो. तो गेल्यास प्रोग्रॅमरसह सारी व्यवस्था बंद पडू शकते. स्वयंपाकघरातील गॅसची शेगडी पेटत नसेल, तर दोष बॉयलरमध्ये नसून पुरवठ्यात आहे किंवा आगाऊ पैसे भरावयाच्या मीटरमधील रक्कम संपली आहे, असे समजते.

घड्याळ: ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे केली जातात. जुन्या प्रोग्रॅमरमध्ये हा बदल हाताने करावा लागतो. वीज गेल्यानंतर यांत्रिक घड्याळ मागे पडते. व्यवस्था भलत्याच वेळी सुरू होत असेल, तर कारण बहुधा येथे सापडते.

बिनतारी थर्मोस्टॅट: त्यातील बॅटरी क्षीण झाल्यास बॉयलरजवळील ग्राहक-पेटीपर्यंत संकेत पोहोचत नाही. अशा वेळी गरम पाणी नेहमीप्रमाणे येते, पण रेडिएटर थंड राहतात.

पाण्याचा दाब: बंदिस्त व्यवस्था थंड असताना दाबमापकावर साधारणतः १ ते १.५ बार इतका दाब अपेक्षित असतो.

दोषसंकेत: आधुनिक बॉयलरच्या पडद्यावर दोषाचा क्रमांक दिसतो. हे क्रमांक प्रत्येक उत्पादकाचे वेगवेगळे असतात. वेलंटच्या अनेक बॉयलरवर 'एफ२२' हा पाण्याच्या अपुऱ्या दाबाचा, तर 'एफ२८' हा ज्योत न पेटल्याचा संकेत आहे. वूस्टर बॉशच्या अनेक बॉयलरवर ज्योत न आढळल्यास 'ईए' दिसते. म्हणून क्रमांकाचा अर्थ त्याच बॉयलरच्या पुस्तिकेत पाहावा लागतो. दोषसंकेत मुळीच दिसत नसेल आणि बॉयलर नुसता शांत असेल, तर त्याच्यापर्यंत मागणीच पोहोचली नसण्याची शक्यता अधिक असते.

दोन शाखांची तुलना

ऊब आणि गरम पाणी या एकाच उगमाच्या दोन शाखा आहेत. यामुळे दोष हुडकण्याची एक सोपी रीत उपलब्ध होते. एक शाखा चालत असेल आणि दुसरी चालत नसेल, तर दोघींना समान असलेले भाग, म्हणजे गॅसपुरवठा, ज्योत, पंखा आणि बहुतेक रचनांत पंपही, निर्दोष मानता येतात. दोष बंद असलेल्या शाखेच्या स्वतःच्या भागात शोधावयाचा असतो. दोन्ही शाखा बंद असतील, तर शोध समान भागांपासून सुरू करावा लागतो.

या तुलनेसाठी दोन्ही मागण्या बंद करून काही मिनिटे थांबतात. मग प्रथम केवळ ऊब, नंतर केवळ गरम पाणी आणि शेवटी दोन्ही अशा तीन चाचण्या घेतल्या जातात. प्रत्येक वेळी थर्मोस्टॅट पुरेसा वर फिरवून मागणी खरोखरच निर्माण झाली आहे याची खात्री करून घेतात. मग थर्मोस्टॅटचा टिकटिक आवाज आला का, व्हॉल्व्हची मोटर काही सेकंद घरघरली का, पंपाचे कंपन जाणवते का आणि बॉयलर पेटला का, याची क्रमाने नोंद करतात. ज्या टप्प्यानंतर शांतता पसरते, त्याच्या आसपास दोष असतो.

टाकीसह व्यवस्थेतील नेहमीचे दोष

केवळ ऊब मागितली असता बॉयलर पेटत नाही. मात्र गरम पाण्याचीही मागणी केली की रेडिएटर तापतात. एस-प्लॅनमध्ये हे रेडिएटरच्या व्हॉल्व्हमधील मायक्रोस्विच निकामी झाल्याचे ठळक लक्षण आहे. व्हॉल्व्ह उघडतो, पण त्याचा निरोप पुढे जात नाही. टाकीच्या व्हॉल्व्हने बॉयलर पेटवला की उघड्या वाटेने गरम पाणी रेडिएटरमध्येही जाते. वाय-प्लॅनमध्ये याच लक्षणामागे तीन कारणे असू शकतात: व्हॉल्व्ह मध्यावर अडकला आहे, त्याचा मायक्रोस्विच बिघडला आहे, किंवा 'गरम पाणी नको' हा संकेत त्याच्यापर्यंत येत नाही. तिसऱ्या शक्यतेत व्हॉल्व्ह निर्दोष असतो आणि दोष टाकीच्या थर्मोस्टॅटमध्ये, प्रोग्रॅमरमध्ये किंवा वायरिंगमध्ये असतो. ही शक्यता न तपासता व्हॉल्व्ह बदलल्यास खर्च होतो, पण दोष तसाच राहतो.

केवळ गरम पाणी मागितले असता रेडिएटरही तापतात. हे लक्षण उन्हाळ्यात लक्षात येते. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसल्याने किंवा झिजून पाणी सोडत असल्याने असे घडते. थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटले असल्यास खोलीची मागणीही चालूच राहू शकते, म्हणून थर्मोस्टॅट अगदी खाली फिरवून ती शक्यता आधी वगळली जाते.

कोणतीही मागणी नसताना बॉयलर चालू राहतो. मायक्रोस्विच 'चालू' स्थितीत चिकटल्यास बॉयलरला संकेत मिळतच राहतो. एस-प्लॅनमध्ये व्हॉल्व्हची स्प्रिंग अडकून तो उघडाच राहिला, तर सोबत रेडिएटर किंवा टाकीही तापत राहते.

टाकी कधीच पुरेशी तापत नाही आणि बॉयलर थांबत नाही. टाकीचा थर्मोस्टॅट सामान्यतः ६० अंशांवर लावलेला असतो. इंधन वाचवण्यासाठी बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचे तापमान ५५ अंशांवर आणले, तर टाकी ६० अंशांपर्यंत कधीच पोहोचू शकत नाही आणि मागणी संपत नाही. येथे कोणताही भाग बिघडलेला नसतो. दोन मांडण्यांचा मेळ बसलेला नसतो. टाकीचे तापमान कमी करणे हा यावरील योग्य उपाय नव्हे. सुमारे २० ते ४५ अंशांच्या दरम्यान साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला जातीचे जिवाणू वाढू शकतात, म्हणून साठवणीसाठी ६० अंशांची शिफारस केली जाते. बॉयलरचे तापमान टाकीच्या तापमानापेक्षा पुरेसे वर ठेवावे लागते.

अनेक टाक्यांमध्ये ३ किलोवॉटचा विजेचा तापक बसवलेला असतो. बॉयलर दुरुस्त होईपर्यंत गरम पाण्याची गरज त्याने भागवता येते. मात्र तो नकळत चालू राहिल्यास बॉयलरच्या शाखेतील दोष झाकला जातो आणि विजेचे देयक वाढते.

कॉम्बी बॉयलरमधील नेहमीचे दोष

रेडिएटर व्यवस्थित, पण नळाला गार पाणी: नळ सोडल्यावर पाणी वाहत असल्याची जाणीव बॉयलरला एका प्रवाहसंवेदकामुळे होते. बहुतेक बॉयलरना त्यासाठी मिनिटाला साधारण २ लिटरच्या आसपास प्रवाह लागतो. नळ सोडल्यावर पडद्यावर गरम पाण्याचे चिन्ह उमटत नसेल, तर संवेदक, त्यापूर्वीची जाळी किंवा अपुरा प्रवाह यांचा संशय येतो. चिन्ह उमटून बॉयलर पेटत असेल, पण पाणी कोमटच येत असेल आणि त्याच वेळी रेडिएटरकडे जाणारी नळी तापत असेल, तर वळण-व्हॉल्व्ह अडकलेला असतो.

नळाला गरम पाणी, पण रेडिएटर थंड: येथे प्रथम प्रोग्रॅमर, खोलीचा थर्मोस्टॅट आणि त्याची बॅटरी तपासली जाते. खोलीची मागणी बॉयलरच्या पडद्यावर दिसत असूनही रेडिएटर तापत नसतील, तर वळण-व्हॉल्व्ह गरम पाण्याच्या बाजूला अडकल्याची शक्यता असते.

पाणी आळीपाळीने गरम व गार येते: नळाचे पाणी तापवणाऱ्या पट्ट्यांच्या उष्णता-विनिमयकात क्षारांचा थर बसला की उष्णता पुढे जात नाही. बॉयलर मर्यादेपर्यंत तापून बंद होतो, थोडा निवल्यावर पुन्हा पेटतो. लंडन व आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी दुष्फेन असल्याने हा दोष तेथे विशेष आढळतो.

एकाच नळाला गार पाणी: इतर नळांना पाणी गरम येत असेल, तर बॉयलर निर्दोष असतो. शॉवरमधील तापनियंत्रक मिश्रक बिघडल्यास असे होते.

तापमानाची चुकीची जाणीव: बॉयलरमधील थर्मिस्टर हे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारे संवेदक असतात. तापमान वाढले की त्यांचा रोध घटतो. संवेदक बिघडल्यास पाणी पुरेसे तापण्याआधीच बॉयलर ज्योत कमी करतो किंवा दोषसंकेत दाखवून बंद पडतो. तंत्रज्ञ त्यांचा रोध मोजून पुस्तिकेतील कोष्टकाशी ताडून पाहतात.

दोन्ही शाखा बंद पडणे

दाब घटणे: दाब फार उतरल्यास बॉयलर सुरक्षिततेसाठी बंद होतो. भरण-नळीचे व्हॉल्व्ह उघडून दाब पुन्हा १ ते १.५ बारपर्यंत आणता येतो. त्यानंतर ते पूर्ण बंद करणे आवश्यक असते. वारंवार पाणी भरावे लागत असेल, तर कुठेतरी गळती असते. पाणी तापल्यावर दाब ३ बारकडे चढत असेल आणि निवल्यावर शून्याकडे उतरत असेल, तर प्रसरण-टाकीतील हवा कमी झालेली असते. ३ बारला सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर पडते, त्यामुळे घरात गळती न दिसताही दाब घटतो.

संघनित पाण्याची नळी गोठणे: संघनन बॉयलरमधून निघणारे पाणी एका अरुंद प्लास्टिक नळीतून बाहेर सोडले जाते. कडाक्याच्या थंडीत घराबाहेरील भागात ते गोठते, पाणी बॉयलरमध्ये तुंबते, गुडगुड आवाज येतो आणि बॉयलर बंद पडतो. नळी सहज हाताशी असेल, तर तिच्यावर कोमट पाणी ओतून किंवा गरम पाण्याची पिशवी धरून बर्फ वितळवता येतो. उकळते पाणी वापरत नाहीत. नंतर बॉयलर पुन्हा सुरू करतात. बाहेरील नळी अधिक व्यासाची ठेवून तिला उष्णतारोधक आवरण घातल्यास हा त्रास टळतो.

पंप अडकणे: उन्हाळ्यात दीर्घकाळ न वापरलेला पंप पहिल्या थंडीत फिरतच नाही. बॉयलर पेटून लगेच अतितापामुळे बंद होतो.

रेडिएटरचे दोष

सर्व नियंत्रणे ठीक असूनही एखादाच रेडिएटर थंड राहतो. तो वरच्या बाजूला थंड असेल, तर आत हवा साठलेली असते आणि वरच्या कोपऱ्यातील छोटा स्क्रू किल्लीने सैल करून ती काढली जाते. खालच्या बाजूला थंड असेल, तर लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ तळाशी बसलेला असतो. पूर्ण थंड असल्यास त्याच्या तापनियंत्रक व्हॉल्व्हमधील दट्ट्या उन्हाळाभर न हलल्याने खाली रुतलेला असू शकतो.

दोष भासणारी नेहमीची वर्तने

पुढील गोष्टी बिघाड वाटतात, पण नसतात. बॉयलर विझल्यावरही पंप काही मिनिटे चालू राहतो. आतील साठलेली उष्णता वाहून नेण्यासाठी ही योजना असते. कॉम्बी बॉयलरमध्ये गरम पाण्याचा नळ चालू असताना रेडिएटरचा पुरवठा थांबतो, कारण नळाला अग्रक्रम दिलेला असतो. संघनन बॉयलरच्या धूरनळीतून थंडीत पांढरे बाष्प दिसते. वाय-प्लॅनमध्ये ऊब बंद झाल्यावरही व्हॉल्व्हच्या मोटरला वीज मिळत राहून ती किंचित उबदार लागू शकते. मागणी असूनही बॉयलर थोडा वेळ थांबतो, ती वारंवार पेटणे-विझणे टाळण्याची योजना असते.

सुरक्षितता व कायदा

ब्रिटनमध्ये गॅस उपकरणांवरील काम १९९८ च्या गॅस सुरक्षा (स्थापना व वापर) नियमांनुसार चालते. मोबदला घेऊन असे काम करणाऱ्याची 'गॅस सेफ रजिस्टर' या नोंदवहीत नोंद असणे बंधनकारक आहे. १ एप्रिल २००९ रोजी ग्रेट ब्रिटनमध्ये या नोंदवहीने 'कॉर्गी' या जुन्या नोंदणीची जागा घेतली. प्रत्येक नोंदणीकृत तंत्रज्ञाकडे ओळखपत्र असते आणि ते पाहण्यास मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. भाड्याच्या घरातील गॅस उपकरणांची वर्षातून एकदा तपासणी करवून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. त्यामुळे भाडेकरूने दोष आढळल्यास स्वतः दुरुस्ती न करता मालकाला कळवावयाचे असते.

घड्याळ लावणे, बॅटरी बदलणे, दाब वाढवणे, रेडिएटरमधील हवा काढणे आणि निरीक्षणे नोंदवणे ही कामे रहिवासी करू शकतो. बॉयलरचे झाकण उघडणे हे मात्र त्याचे काम नव्हे. अनेक बॉयलरमध्ये ते झाकणच ज्वलनकक्ष हवाबंद ठेवीत असते. व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅट व प्रोग्रॅमर यांत २३० व्होल्टचा प्रवाह असतो. विशेषतः मोटारचलित व्हॉल्व्हच्या एका तारेत प्रोग्रॅमर बंद असतानाही वीज असू शकते. म्हणून 'बटण बंद केले' म्हणजे 'वीज बंद झाली' असे होत नाही. मुख्य जोडणी तोडून आणि वीज नसल्याची चाचणी घेऊनच जाणकाराने त्यास हात लावावयाचा असतो.

अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही त्याच्या विषबाधेची लक्षणे असून ती साध्या तापासारखी वाटतात. घराबाहेर पडल्यावर बरे वाटणे ही महत्त्वाची खूण होय. निळ्याऐवजी पिवळी व काजळी धरणारी ज्योत किंवा बॉयलरभोवती काळे डाग दिसल्यास तो वापरणे तात्काळ थांबवतात. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात इंधन जाळणारे स्थिर उपकरण असलेल्या खोलीत (गॅसची शेगडी वगळता) या वायूची सूचना देणारा गजर बसवणे आवश्यक आहे. गॅसचा वास आल्यास किंवा कार्बन मोनॉक्साइडचा संशय आल्यास दारे-खिडक्या उघडून बाहेर पडणे, विजेची बटणे न हाताळणे आणि बाहेरून ०८०० १११ ९९९ या राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांकावर कळवणे, असा क्रम सांगितला जातो.

गॅस गिझरशी तुलना

महाराष्ट्रात घर उबदार ठेवण्यासाठी बॉयलर वापरला जात नाही. पण न्हाणीघरातील गॅस गिझरचे तत्त्व कॉम्बी बॉयलरच्या गरम पाण्याच्या शाखेशी जुळते. त्यातही पाणी वाहू लागल्यावरच ज्योत पेटते आणि त्यातही मागणीची एक छोटी साखळी असते. पाण्याच्या दाबाने पडदा सरकतो, गॅसची वाट उघडते, सेलवर चालणारी ठिणगी उडते. गच्चीवरील टाकीची उंची अपुरी असणे, सेल उतरणे किंवा सिलिंडर संपणे यांपैकी कोणत्याही कारणाने ही साखळी तुटते आणि निर्दोष गिझर बिघडल्यासारखा वाटतो.

दोहोंतील महत्त्वाचा फरक हवेच्या वाटेत आहे. आधुनिक ब्रिटिश बॉयलर ज्वलनासाठी हवा घराबाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. न्हाणीघरात बसवावयाचे गॅस उपकरण अशाच बंदिस्त प्रकारचे असावे, असे तेथील नियम सांगतात. धूरनळी नसलेला गिझर मात्र त्याच खोलीतील हवा वापरतो. खिडकी बंद असलेल्या लहान न्हाणीघरात अशा गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठून प्राणहानी होऊ शकते. गरम पाणी का येत नाही, याचा शोध थोडा लांबला तरी चालतो. ज्वलनाचा धूर कोठे जातो, या प्रश्नाचे उत्तर उपकरण वापरण्याआधीच मिळालेले असावे लागते.